चालणारी बाजू

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण दाबलं की लगेच आवाज येत नाही. आधी दर्शनी पट्टीमागचा पिवळसर दिवा लागतो. दोन्ही मीटरच्या सुया एकदा थरथरतात आणि डाव्या टोकाला टेकतात. मग चार-पाच सेकंदांनी आतून ‘टक्’ असा आवाज होतो आणि स्पीकर जागे होतात. आमच्या घरात त्या आवाजाची वाट पाहणं सगळ्यांच्याच अंगवळणी पडलं आहे. बाबा तेवढा वेळ टोनआर्म बोटावर तोलून धरतात, सुई तबकडीवर टेकवत नाहीत. कुणी घाई केली तर म्हणतात, “थांब जरा, त्याला तयार होऊ दे.”

तो आवाज रिलेचा. बटण दाबल्याबरोबर आतल्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे व्होल्टेज एकदम जागच्या जागी येत नाहीत, काही क्षण सगळंच वरखाली होत असतं. त्या गडबडीत स्पीकर जोडलेला असेल तर त्याच्या पडद्याला धक्का बसतो. म्हणून एक छोटं सर्किट बाहेर जाणाऱ्या तारेवर नजर ठेवून असतं. तिथलं डीसी व्होल्टेज शून्याजवळ स्थिरावलं की ते रिलेला सांगतं, रिलेची पट्टी चिकटते, आणि तेव्हा कुठे आवाजाला बाहेर पडायची वाट मिळते. पुढे कधी आत काही जळलं आणि त्या तारेवर डीसी आला, तर हाच रिले तार तोडतो आणि स्पीकर वाचवतो. इतकी वर्षं ज्याची आम्ही नुसती वाट पाहत होतो, तो घरातला पहारेकरीच होता.

हा अ‍ॅम्प्लिफायर काकांनी १९७९ साली मस्कतहून आणला. जपानी बनावटीचा, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस वॅटचा, घासून चकाकी मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दर्शनी पट्टीचा. पाठीमागे ११०, १२०, २२० आणि २४० व्होल्ट असे आकडे लिहिलेली एक छोटी फिरकी आहे. देशोदेशी जाणाऱ्या मालाला ती लागायची. ती २४०वर आहे ना, हे काकांनी आणि बाबांनी मिळून तपासल्याशिवाय पिन भिंतीत गेली नाही. व्हॉल्यूमचं बटण भरीव धातूचं आहे, थंडीत हाताला गार लागतं. फिरवताना त्याच्या वजनामुळे बोटं आपोआप सावकाश चालतात. आजच्या यंत्रांत आवाज आकड्यांनी वाढतो. इथे तो मनगटाच्या अंदाजानं वाढतो, आणि घरातल्या प्रत्येकाचा अंदाज वेगळा. बाबांनी गाणं लावलं की मला ते स्वयंपाकघरातूनही ओळखू येतं, ते नऊच्या काट्याच्या पुढे बटण नेतच नाहीत.

त्याची डावी बाजू मंदावत चालली आहे हे आमच्या लक्षात यायला बराच काळ गेला. याचं एक कारण आमच्या तबकड्या. बाबांच्या संग्रहातल्या पुष्कळशा जुन्या तबकड्या मोनो आहेत. त्यांच्यात एकच आवाज दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, एक स्पीकर मुका झाला तरी गाण्यातलं काहीच हरवत नाही. गवई पूर्ण, तबला पूर्ण, पेटी पूर्ण. फक्त सगळे खोलीच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन बसतात. दुसरं कारण बाबांचा डावा कान. त्या कानानं त्यांना आताशा फार कमी ऐकू येतं, आणि ते मोठ्यानं सांगणं त्यांना आवडत नाही. एका संध्याकाळी मी स्टिरिओ तबकडी लावली आणि तबला जवळजवळ नाहीसाच झालेला ऐकला. “बाबा, डावा स्पीकर बंद आहे का?” असं विचारलं तर ते म्हणाले, “मला तर ठीक वाटतंय.” त्या उत्तरात कितीतरी गोष्टी होत्या, म्हणून मी पुढे काही विचारलं नाही.

मी दुरुस्तीचा धंदा करत नाही. सोल्डरिंग आयर्न धरायला बाबांनीच शिकवलं, आणि उरलेलं वाचून, करून पाहून आलं. पण एवढं अनुभवानं सांगू शकते की या कामात हातापेक्षा कानाला आधी काम असतं. यंत्र उघडण्यापूर्वी पुष्कळ काही बाहेरूनच कळतं. दोन्ही स्पीकरच्या तारा मागे अदलाबदल केल्या. आता उजवा स्पीकर मुका झाला, म्हणजे स्पीकर धडधाकट आहेत, दुखणं अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या अंगात आहे. मग तबकडीयंत्राकडून येणाऱ्या तारा अदलाबदल केल्या. काहीच फरक पडला नाही, म्हणजे सुई आणि तिची तारही निर्दोष. घरबसल्या, एकही स्क्रू न काढता, संशयाचं वर्तुळ एवढं लहान होतं.

शिवाय आवाज जातो कसा, हेही ऐकायचं असतं. सैल तार असेल तर आवाज तुटतो, खट्कन जातो, खट्कन येतो. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये मळ असेल तर बटण फिरवताना खरखर होते. आमचा डावा आवाज तसा तुटत नव्हता. सुरुवातीला तो व्यवस्थित असायचा. अर्ध्या तासाच्या आत, यंत्र चांगलं गरम झालं की, तो दोन-तीन सेकंदांत विरायचा, जाता जाता थोडा चिरका व्हायचा आणि मग शांत. चिरका होऊन विरणं याला फार अर्थ आहे. सुईचा संदेश तुटला असता तर आवाज स्वच्छ राहून एकदम थांबला असता. विरतो आहे याचा अर्थ त्या टप्प्याला मिळणारी वीजच आटते आहे, आणि जवळच्या कंडेन्सरमध्ये साठलेल्या शिदोरीवर तो शेवटचे काही सूर काढतो आहे.

झाकण काढलं तेव्हा आत धुळीचा करडा थर होता, आणि ट्रान्सफॉर्मरच्या आडोशाला पालीच्या अंड्यांची दोन रिकामी टरफलं. उबेची जागा तिनं बरोबर हेरली होती. पण कशालाही हात लावण्याआधी एक काम करायचंच असतं. पिन भिंतीतून काढली म्हणजे यंत्र निर्धोक झालं, असं होत नाही. मोठ्या फिल्टर कंडेन्सरांत वीज साठून राहते. पुष्कळ जण स्क्रूड्रायव्हरनं दोन टोकं जोडून ठिणगी पाडतात. त्यानं कंडेन्सरही दुखावतो आणि माणूसही दचकतो. त्यापेक्षा एखादा चांगल्या वॅटचा रेझिस्टन्स टोकांवर धरून ठेवायचा आणि मीटरवर आकडा शून्याकडे उतरताना पाहायचा. आणि चालू यंत्रात मापं घ्यायची झाली तर काळी तार चिमट्यानं सांगाड्याला लावायची आणि डावा हात पाठीमागे ठेवायचा, म्हणजे विजेला एका हातातून दुसऱ्या हाताकडे, छातीमधून जायला वाट मिळत नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या मंडळींची ही शिस्त. बाबांना अजूनही मी तशीच उभी दिसले नाही तर चैन पडत नाही.

उघडलेला जुना अ‍ॅम्प्लिफायर बघायला मला फार आवडतं. सगळं डोळ्यांना दिसतं. ट्रान्सफॉर्मर कुठे, त्याच्यापासून निघालेली वीज चार डायोडमधून कशी जाते, मोठे कंडेन्सर तिला कुठे शांत करतात, तबकडीच्या सुईकडून येणारा पाचेक मिलिव्होल्टचा इवलासा संदेश कुठून शिरतो आणि हजारो पटींनी मोठा होऊन कुठे बाहेर पडतो, हे बोट ठेवून दाखवता येतं. रेझिस्टन्सवरचे रंगाचे पट्टे वाचता येतात. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक हजार ओहम. ज्यानं हे मांडलं त्यानं पुढे कधीतरी कुणीतरी हे उघडणार आहे हे गृहीत धरलं होतं. काही भागांची नावं छापील पट्टीवर शेजारीच लिहिलेली आहेत. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतर, जपानपासून इतक्या दूर, पुण्यातल्या एका घरात ती मला उपयोगी पडत होती.

आणि त्याहून उपयोगी पडत होती ती उजवी बाजू. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरात एकाच खोक्यात दोन सारखी यंत्रं असतात. डाव्या अंगात जे जे आहे ते ते उजव्या अंगात आहे, बहुधा आरशातल्यासारखं उलट मांडलेलं. माझ्याकडे सर्किटचा नकाशा नव्हता. कुठल्या बिंदूवर किती व्होल्टेज असायला हवं, हे मला कुणी सांगणार नव्हतं. पण उजवी बाजू चालत होती, आणि चालणारी बाजू हाच नकाशा होता. आधी उजवीकडे माप घ्यायचं, कागदावर मांडायचं, मग डावीकडे तोच बिंदू शोधून तेच माप घ्यायचं. आकडे जुळले की पुढे. जिथे पहिल्यांदा जुळणार नाहीत, तिथे थांबायचं.

या पद्धतीत एक गोष्ट मला हळूहळू जाणवत गेली. बिघडलेल्या गोष्टीकडे आपण फार टक लावून पाहतो. काय मोडलं, कुणामुळे मोडलं, किती दिवसांपासून मोडलेलं आहे, यातच सगळं लक्ष जातं. जे शेजारी मुकाट्यानं चाललेलं असतं त्याच्याकडे पाहायचं राहून जातं. आणि ते का चाललं आहे हे तर आपण कधी विचारतच नाही. मी त्या दिवसांत जेवढा वेळ डाव्या बाजूवर घालवला, त्याहून जास्त उजवीवर घालवला. तिच्यात काहीही बिघडलेलं नव्हतं, आणि मला जे काही कळलं ते तिच्याकडून कळलं.

मापं घ्यायला मी दोन मीटर वापरते. एक आकडे दाखवणारा, आणि एक बाबांचा जुना, काट्याचा, मोटवाने कंपनीचा, नाशिकला बनलेला. या मोटवाने घराण्याचीच ‘शिकागो रेडिओ’ ही कंपनी. गांधीजींच्या सभांची जुनी छायाचित्रं पाहिली तर त्यांच्यापुढच्या मायक्रोफोनवर हे नाव वाचता येतं. १९४२ साली मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. तो पकडला गेल्यावर जो खटला झाला, त्यातल्या आरोपींमध्ये शिकागो रेडिओचे नानिक मोटवानेही होते. मीटर हातात घेतला की मला हे आठवतं. आवाज मोठा करण्याच्या विद्येनं या देशात किती निरनिराळी कामं केली! लाखोंच्या सभेत मागच्या ओळीतल्या माणसालाही बोलणं ऐकू गेलं, ते याच विद्येमुळे. आणि दिवाणखान्यात रात्री हळू लावलेला मारवा ऐकू येतो, तोही तिच्यामुळेच.

यंत्राला दुसराही एक त्रास होता. तबकडी थांबवली तरी मागे एक मंद गुणगुण राहायची, आणि ती दोन्ही स्पीकरांत होती. मी लहानपणी काही वर्षं गाणं शिकले, त्याचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. बाहेरून, एखाद्या तारेतून ती थेट शिरली तर गुणगुण पन्नासची होते. पण डायोडमधून गेल्यावर खालचे हेलकावेही उलटून वर येतात आणि पन्नासाचे शंभर होतात. ते शंभर उंचवटे सपाट करायचं काम फिल्टर कंडेन्सरांचं. कंडेन्सर थकले की गुणगुण शंभरची ऐकू येते. या दोन गुणगुणींत बरोबर एका सप्तकाचं अंतर आहे. शंभरचा सूर पांढरी पाचच्या किंचित वर लागतो, खर्जात. मी पेटी पुढे ओढली, पांढरी पाच धरली आणि गुणगुण ऐकली. पेटीच्या सुरापेक्षा ती केसभर चढी होती. म्हणजे दोष कंडेन्सरचा. मापाचं कुठलंही यंत्र न लावता पेटीनं निदान केलं, याचा मला झालेला आनंद मी अजून विसरले नाही.

थकलेले कंडेन्सर आतून वाळलेले असतात. त्यांच्या पोटात ओलसर द्रव्य असतं, ते उष्णतेनं वर्षानुवर्षं थोडंथोडं उडून जातं. तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या कामातला ठोकताळा आहे. त्यांना पट्टीवर घट्ट धरून ठेवण्यासाठी कारखान्यात लावलेला पिवळसर गोंदही वयानं तपकिरी, कडक झाला होता. हा जुना गोंद काळवंडला की त्यातून वीज झिरपायला लागते, आणि आसपासच्या भागांचे पायही तो खातो. तो लाकडी काडीनं कणाकणानं खरवडून काढावा लागतो. यात घाई चालत नाही. खरवडताना खालच्या तांब्याच्या रेषा सुटून आल्या तर दुखणं वाढतं.

कंडेन्सर आणायला मी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत गेले. त्या गल्लीत दुपारी चालताना खांद्याला खांदा लागतो. डोक्यावर वायरींची वेटोळी, दुकानादुकानांत दिव्यांच्या माळा, आणि त्यांच्या मधे एखादं असं दुकान की ज्याच्या भिंतीवर छतापर्यंत छोटे छोटे खण. मी जुना कंडेन्सर पुढे केला. ६८०० मायक्रोफॅरॅड, ५० व्होल्ट. काउंटरमागच्या काकांनी तो हातात तोलला, चष्मा वर करून वाचला आणि म्हणाले, “ताई, एवढ्या अंगाचा आता येत नाही. ६८००चाच देतो, पण निम्म्या आकाराचा दिसेल. घाबरू नका. व्होल्टेज ६३ घ्या, १०५ डिग्रीवाला घ्या.” मग न विचारता म्हणाले, “ट्रान्झिस्टर गेलेत का? गेले नसतील तर हात लावू नका. त्या काळचे ओरिजिनल आता मिळत नाहीत, आणि ओरिजिनल म्हणून जे मिळतं त्याची खात्री मी देत नाही.” स्वतःच्या दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला ‘घेऊ नका’ सांगणारा माणूस भेटणं हे भाग्य आहे. पैसे देताना मी त्यांना आमच्या विरणाऱ्या आवाजाबद्दल सांगितलं. त्यांनी दोनच शब्द उच्चारले, “ड्राय सोल्डर.”

त्यांचा अंदाज खरा होता. उजवीकडे एका बिंदूवर २४ व्होल्ट स्थिर होते. डावीकडे थंड असताना तेच २४. मी काट्याचा मीटर तिथे लावून ठेवला आणि एक मोनो तबकडी लावून वाट पाहत बसले. यंत्र तापलं, आणि काटा हलकेच डुचमळला. मग तो खाली उतरू लागला, आणि त्याच वेळी डाव्या स्पीकरमधला आवाज चिरकत विरत गेला. काटा आणि आवाज एकाच चालीनं उतरत होते. आकड्यांच्या मीटरवर नुसती अंकांची धांदल दिसली असती, काट्यानं मात्र ती उतरण दाखवली. मी बांबूच्या वाळक्या काडीनं एकेक भाग हलकेच टोचत गेले. एका मोठ्या रेझिस्टन्सला काडी लागली मात्र, आवाज पुन्हा उसळून वर आला.

यंत्र बंद करून, वीज उतरवून, पट्टी उलटी केली. त्या रेझिस्टन्सचे दोन पाय जिथे तांब्याला जोडलेले होते तिथे भिंग धरलं. एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी काळी गोल रेघ होती. बस, एवढंच. तो रेझिस्टन्स कामच असं करतो की तो तापतो. रोज तापायचं, थोडं प्रसरण पावायचं, निवायचं, आकसायचं. चाळीस वर्षं या ताणानं सोल्डर थकत गेलं आणि पायाभोवती वर्तुळाकार तडा गेला. थंड असताना दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या, गरम झालं की विलग. जुनं सोल्डर काढलं, पाय खरवडून चकचकीत केला आणि नवीन सोल्डर दिलं. नीट बसलेलं सोल्डर पायावर उतरत्या बाजूंनी पसरतं आणि लखलखतं. सोल्डरच्या पोटात राळ असते, चीडाच्या झाडाची. तापल्यावर तिचा धूर उठतो आणि त्याला एक गोडसर, जंगली वास येतो. घरात तो वास आला की बाबा आतल्या खोलीतून विचारतात, “सापडलं का गं?”

सापडण्याला या कामात फार मोल आहे. पुष्कळ लोक जुना अ‍ॅम्प्लिफायर घेतात आणि सरसकट सगळे कंडेन्सर, सगळे छोटे ट्रान्झिस्टर, सगळं सोल्डर बदलून टाकतात. यंत्र चालू होतं, नाही असं नाही. पण नक्की काय बिघडलं होतं ते मग कधीच कळत नाही, आणि जे चांगलं होतं तेही त्यात हकनाक जातं. मी फक्त वाळलेले कंडेन्सर बदलले आणि एक सांधा जोडला. बाकी सगळं ज्या हातांनी १९७९च्या आधी कधीतरी जपानमध्ये बसवलं, त्यांच्याच हातचं आहे. त्या हातांवर विश्वास ठेवायला मला कारण होतं, उजवी बाजू इतकी वर्षं बिनतक्रार वाजत होती.

पहिल्यांदा पुन्हा वीज देताना मी सिरीजचा दिवा लावते. जुना शंभर वॅटचा तारेचा दिवा यंत्राच्या वाटेत जोडायचा. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर दिवा झगझगीत पेटतो आणि वीज स्वतः खातो, यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर दिवा क्षणभर उजळतो, कंडेन्सर भरले की मंद होतो. तो मंद झाला. त्यानंतर एक शेवटचं, नाजूक काम उरलं. बाहेर जाणाऱ्या टप्प्यात प्रत्येक बाजूला दोन मोठे ट्रान्झिस्टर असतात. एक आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग उचलतो, दुसरा खालचा. लाट शून्यावरून जाताना काम एकाकडून दुसऱ्याकडे जातं, आणि दोघेही त्या क्षणी झोपलेले असतील तर मधे बारीकशी फट पडते. मोठ्या आवाजात ती जाणवत नाही. मींड संपत येते, तंबोऱ्याचा झणत्कार विरत असतो, तेव्हा मात्र ती कानाला खुपते. म्हणून दोघांनाही थोडं थोडं जागं ठेवावं लागतं. मैफलीत तंबोऱ्यावर बसलेला शिष्य गुरूंचा श्वास संपण्याआधीच सूर धरतो, तसं. त्यासाठी एक छोटी फिरकी असते. ४७ शतांश ओहमच्या रेझिस्टन्सवर दहाएक मिलिव्होल्ट दिसेपर्यंत ती केसाकेसानं फिरवायची, यंत्र तापू द्यायचं, पुन्हा पाहायचं, पुन्हा केसभर फिरवायची. कमी झालं तर आवाज खरबरतो, जास्त झालं तर ट्रान्झिस्टर तापतात. माप इथेही उजव्या बाजूशी जुळवलं.

स्टिरिओ ही कल्पना लंडनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरची. सिनेमा पाहताना नट पडद्यावर इकडून तिकडे जातो आणि आवाज मात्र एकाच जागेवरून येतो, हे त्याला खटकलं, अशी आठवण सांगतात. डिसेंबर १९३१मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. तबकडीच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन आवाज कोरायची युक्ती त्यातच आहे. आतल्या भिंतीवर डावा, बाहेरच्या भिंतीवर उजवा. जून १९४२मध्ये युद्धकाळातल्या रडारची चाचणी घेताना विमान कोसळून तो गेला. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५८च्या सुमारास, त्या त्यानं पाहिल्या नाहीत. आपले दोन कान एकमेकांपासून इतके जवळ आहेत की आवाजाला एका कानाकडून दुसऱ्याकडे पोचायला मिलिसेकंदाहूनही कमी वेळ लागतो, आणि तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. दोन्ही स्पीकर सारखे वाजले तर गवई त्या दोघांच्या मधोमध, जिथे काहीच नाही अशा जागी, बसलेला ऐकू येतो.

आमच्या घरात ती जागा म्हणजे खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामधली भिंत. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची तबकडी मी लावली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. खोलीची रुंदी भरून आली. बाबा नेहमीच्या खुर्चीत होते. मला माहीत होतं की एका कानानं त्यांना ही मांडणी पुरती कळणार नाही, डावं-उजवं त्यांच्यासाठी आता पूर्वीसारखं उरलेलं नाही. तरीही थोड्या वेळानं ते म्हणाले, “आता भरल्यासारखं वाटतंय.” मग उठले, डाव्या स्पीकरजवळ गेले, वाकले आणि उजवा कान त्याच्या जाळीपाशी नेऊन बराच वेळ ऐकत राहिले.

त्यांचा तो उजवा कान मला त्या दिवशी नीट दिसला. गेली काही वर्षं माझं सगळं लक्ष त्यांच्या डाव्या कानावर होतं: डॉक्टरांकडे जाऊ या, यंत्र लावून घ्या, टीव्ही केवढ्यानं लावता. त्यांचा उजवा कान शाबूत आहे, चांगला आहे, साठ वर्षांच्या ऐकण्यानं घडलेला आहे, आणि मी त्याच्या बाजूला बसून बोलू शकते, हे मी मनावर घेतलं नव्हतं. आता मी त्यांच्या उजवीकडे बसते. डॉक्टरांची वेळही घेतली आहे. कानाचं निदान करायचं तर तेही दोन्ही कान तपासून, एकाचं दुसऱ्याशी ताडूनच करतात.

ज्यांच्या माळ्यावर, पलंगाखाली किंवा गावाकडच्या घरात असा एखादा अ‍ॅम्प्लिफायर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पडलेला आहे, त्यांना माझी विनंती आहे. एक स्पीकर वाजत नाही एवढ्या कारणावरून तो भंगारवाल्याला देऊ नका. स्वतःला विजेची सवय नसेल तर आत हात घालू नका, तुमच्या गावात रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे कुणी ना कुणी अजून असतील, त्यांना शोधा. जाताना एवढंच सांगा की आवाज तुटतो की विरतो, कधी जातो, आणि कुठली बाजू अजून चालते. त्यांचं निम्मं काम तुम्ही केलेलं असेल. उरलेल्या निम्म्याचं उत्तर त्या चालणाऱ्या बाजूत असतं.